बाथमधली अर्धवट चंद्रकोर

इंग्लंडमधल्या बाथ शहरात जाणारा प्रत्येक जण रॉयल क्रेसेंट बघतो. क्रेसेंट म्हणजे चंद्रकोरीसारखी वळत गेलेली घरांची ओळ. आम्हीही बघितली. ३० घरं, ११४ खांब, समोर हिरवळ आणि हिरवळीवर फोटो काढणारी निम्मी दुनिया. पण माझं मन रमलं ते वरच्या टेकडीवरच्या कॅम्डेन क्रेसेंटमध्ये. १७८८ मध्ये जॉन एव्हली या वास्तुविशारदाने आखलेली ही ओळ पुरी झालीच नाही. पूर्वेकडची जमीन घसरू लागली आणि त्या टोकाची घरं कायमची राहून गेली.

त्यामुळे गंमत अशी, की मधोमध यायला हवा होता तो त्रिकोणी माथा आता एका बाजूला पडलाय. त्याखाली खांब पाच, म्हणजे ऐन मध्यावर मोकळी जागा नाही, खांबच उभा! शास्त्राप्रमाणे ही चूकच. मला मात्र ही घरं त्यामुळेच माणसांनी बांधलेली वाटली. दारांवरच्या कमानींच्या मधल्या दगडावर हत्तीचं डोकं कोरलंय. आईने लगेच हात जोडले. हा हत्ती अर्ल कॅम्डेन या उमरावाच्या कुलचिन्हातला, हे मी तिला खाली उतरल्यावर सांगितलं.

घरात शिरता येत नाही, लोक राहतात. पण बाहेरूनही बरंच वाचता येतं. फुटपाथलगतच्या कठड्यातून खाली डोकावा: तिथे तळघरातलं स्वयंपाकघर असायचं, आणि कोळशाची कोठारं तुमच्या पायाखाली. पहिल्या मजल्याच्या खिडक्या सर्वांत उंच, कारण पाहुण्यांचा दिवाणखाना तिथे. वर जावं तशा खिडक्या बुटक्या होत जातात, माळ्यावर नोकर. आतून असं घर बघायचंच असेल तर रॉयल क्रेसेंटच्या १ नंबरात संग्रहालय आहे, त्याचं तिकीट काढा. तिथून मागच्या गल्लीतही चक्कर मारा. पुढची भिंत सगळ्यांची एकसारखी, पण तिच्यामागचं घर ज्याने त्याने आपल्या सोयीने बांधलेलं, त्यामुळे मागची बाजू अगदी विस्कळीत दिसते.

लंडनच्या पॅडिंग्टनहून बाथ स्पा स्टेशन साधारण दीड तास. मिल्सम स्ट्रीटवरून सरळ वर, मग लॅन्सडाउन रोडचा चढ, उजवीकडे कॅम्डेन. चढ दमवणारा आहे. आई दोनदा बसली. गुडघे दुखत असतील तर वर टॅक्सीने जा आणि उतरताना चाला. पोटपूजा खालीच उरकून घ्या. शक्यतो सकाळीच पोचा, तेव्हा ऊन समोरून पडतं आणि बाथचा दगड मधासारखा दिसतो.

दम उरला असेल तर आणखी वर लॅन्सडाउन क्रेसेंट आहे. तिच्यासमोरच्या कुरणात मेंढ्या चरतात. आमचा उरला नव्हता. आम्ही हेजमीड पार्कमधून खाली आलो. ही बागही जमीन खचून घरं गेली त्या जागेवरच १८८९ मध्ये झालेली. बाक भरपूर आहेत.