पान काही केल्या पिवळं होईना

इंकस्केप या चित्रं काढायच्या प्रोग्राममध्ये झाड काढलं होतं. खोड, फांद्या, चाळीसेक हिरवी पानं, सगळं मनासारखं जमलं. फक्त सहा-सात पानं पिवळी करायची राहिली होती. पान निवडायचं आणि खालच्या पॅलेटमधल्या पिवळ्यावर क्लिक करायचं, एवढंच. केलं. पान हिरवं ते हिरवंच.

संताप याचा, की डाव्या कोपऱ्यातल्या ‘फिल’च्या, म्हणजे आतल्या रंगाच्या, चौकटीत पिवळा दिसत होता! म्हणजे प्रोग्रामच्या मते काम झालेलं. मी चिडून वेगवेगळ्या पानांवर जांभळा, लाल, निळा, जो हाताला लागेल तो रंग मारत सुटले. लेअर लॉक आहे का ते पाहिलं (असता तर पान निवडताच आलं नसतं, पण तेव्हा डोकं कुठलं चालायला). ग्रुप सोडवून पाहिला. फाइल बंद करून पुन्हा उघडली. शेवटी एक नवं पान काढलं, तर ते पहिल्याच क्लिकला पिवळं! तळपायाची आग मस्तकात गेली.

तासाभराने नजर खिडकीच्या अगदी तळाच्या पट्टीकडे गेली. तिथे पहिल्यापासून लिहिलेलं होतं: हा क्लोन आहे. पानं वाढवताना मी कंट्रोल-डीऐवजी ऑल्ट-डी वापरलं होतं. कंट्रोल-डीने सुटी प्रत होते, ऑल्ट-डीने क्लोन, म्हणजे मूळ आकाराशी जोडलेली, त्याच्याबरोबर बदलणारी प्रत. आणि मूळ आकाराला स्वतःचा रंग दिलेला असेल, तर क्लोनला दिलेला रंग नोंदला जातो पण दिसत नाही.

सोपा उपाय ऑल्ट-शिफ्ट-डी. क्लोन मुळापासून तुटतो आणि हवा तो रंग घेतो. पण मला पुढे सगळ्या पानांचे देठ एकाच वेळी बारीक करायचे होते, म्हणून नातं तोडायचं नव्हतं. मग शिफ्ट-डी दाबून मूळ पान गाठलं आणि कंट्रोल-शिफ्ट-एफने उघडणाऱ्या पॅनेलमध्ये फिलसाठी प्रश्नचिन्हाचं बटण दाबलं. शेजारी फुलीचंही बटण असतं, ते नको. फुली म्हणजे ‘रंग नाही’, प्रश्नचिन्ह म्हणजे ‘रंग ठरवलेलाच नाही’.

क्षणात अर्धं झाड काळं पडलं, कारण एसव्हीजीमध्ये (इंकस्केप चित्र ज्या फाइल-प्रकारात ठेवतं त्यात) फिल ठरवलेला नसेल तर आकार काळा दिसतो. उरलेल्या पानांवर मघाचे रागातले सगळे जांभळे-लाल-निळे उमटले. एकटीच हसत बसले. मग मूळ पान सोडून बाकीची काळी पानं एकत्र निवडून हिरवी केली, हवी ती पिवळी केली.

हो, देठाची किंवा कडेची रेघ रंगवायची असेल तर शिफ्ट दाबून पॅलेटवर क्लिक करायचं. नुसत्या क्लिकने आतला भाग रंगतो. आणि ग्रुप न सोडवताही कंट्रोल दाबून क्लिक केलं की आतला एकच आकार निवडता येतो. हे आधी आठवलं असतं तर माझा ग्रुप तरी शाबूत राहिला असता.

मूळ पान काळंच ठेवावं लागतं, त्याला रंग दिला की क्लोन पुन्हा हट्टाला पेटतात. म्हणून ते चित्राच्या कागदाबाहेर सरकवायला गेले, तर अख्खा पर्णसंभार त्याच्या मागोमाग निघाला. प्रेफरन्सेसमध्ये, बिहेवियरखालच्या क्लोन्समध्ये, मूळ हललं तरी क्लोन जागेवर राहतील असा पर्याय आहे. तो आधी निवडा, मग सरकवा.