पुणे लोकसभा : मतं कुठे वाढतात, कुठे गळतात

आज दिवसभर 2024 च्या निकालाचे विधानसभानिहाय आकडे चाळले. भाजपचे मुरलीधर मोहोळ 1,23,038 मतांनी निवडून आले. त्यातला निम्म्याहून मोठा वाटा एकट्या कोथरूडचा. कॅन्टोन्मेंटमध्ये काँग्रेसचे रवींद्र धंगेकर पुढे होते, पण ज्या कसब्यातून 2023 ची पोटनिवडणूक त्यांनी जिंकली, तिथेच वर्षभरात ते मागे पडले. पोटनिवडणुकीची लाट लोकसभेला धरून चालू नये, ती एका मतदारसंघापुरती असते.

तरी 2019 ला भाजपचेच गिरीश बापट सव्वातीन लाखांनी आले होते, हे विसरू नका. फरक बराच खाली आलाय, म्हणून ही जागा एकतर्फी आहे असं मी मानत नाही. काँग्रेसची खरी अडचण चेहऱ्याची. धंगेकर 2025 मध्ये शिंदेंच्या शिवसेनेत गेले, आणि कोथरूडमध्ये पोलिंग एजंटांची (मतदान केंद्रात बसणाऱ्या पक्षाच्या प्रतिनिधींची) फळी उभी करायला एका प्रचारातला महिना पुरत नाही.

दोन्हीकडच्या कार्यकर्त्यांना कळकळीने सांगतो, मतदार यादीकडे आत्तापासून बघा. पेठांतली कुटुंबं धायरी, वाघोलीला राहायला गेली, नावं जुन्याच बूथवर राहिली. मतदानाच्या दिवशी ती माणसं फिरकत नाहीत आणि मतदानाचा टक्का पडतो. पत्ता बदलला तर फॉर्म 8, नवीन नावाला फॉर्म 6, मयत किंवा दुबार नाव काढायला फॉर्म 7. अर्ज बीएलओकडे (बूथची यादी सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याकडे) किंवा ऑनलाइन द्या. उमेदवारी अर्जांची मुदत संपली की त्या निवडणुकीपुरती यादी गोठते, मग तहसीलला कितीही खेटे घाला.