पेटीमागे दर

आमच्या पॅकहाऊसच्या भिंतीवर एक पांढरा बोर्ड आहे. दिवसभरात किती पेट्या निघाल्या, तो आकडा संध्याकाळी त्यावर लिहायचा. फेब्रुवारीतल्या त्या मंगळवारी मी दुपारी तीनलाच 1,400 लिहिलं आणि फोटो काढून मालकांना पाठवला. आदल्या आठवड्यापर्यंत रात्री आठ वाजले तरी अकराशेच्या वर गाडी सरकत नव्हती. मालकांचा अंगठा लगेच आला.

नाशिकहून दिंडोरीकडे निघालं की द्राक्षबागा सुरू होतात, त्याच रस्त्यावर आम्ही आहोत. माल युरोपला जातो. पाच किलोची पेटी, आत पाचशे ग्रॅमचे दहा पनेट, म्हणजे छोटे प्लॅस्टिकचे डबे. पॅकिंगला बाया पेठ-सुरगाण्याकडून येतात. हंगामापुरत्या बागेतल्याच खोल्यांवर राहतात आणि सकाळी पिकअपमध्ये उभ्यानं येतात. पूर्वी त्यांना हजेरीवर रोज मिळायचा. तो बंद करून पेटीमागे दर लावला, तो मी.

नोकरी सांभाळत एमबीए केलं होतं आणि डोक्यात टेलर होता. अमेरिकन इंजिनियर फ्रेडरिक टेलर, त्याचं 1911 चं पुस्तक ‘प्रिन्सिपल्स ऑफ सायंटिफिक मॅनेजमेंट’. बेथलेहेम स्टील कारखान्याच्या आवारात एक मजूर दिवसाला साडेबारा टन बिडाचे ठोकळे वाहायचा. टेलरनं काम मोजलं, कधी उचलायचं आणि कधी बसायचं ते ठरवून दिलं आणि आकडा साडेसत्तेचाळीस टनांवर नेला. मजुरी एक डॉलर पंधरा सेंटवरून एक डॉलर पंच्याऐंशी सेंट. म्हणजे काम पावणेचार पटीच्या वर आणि पैसे दीडपटीच्या थोडे पुढे. ही गोष्ट टेलरनं बरीच रंगवून सांगितली, असं पुढे अभ्यासकांनी दाखवून दिलं. ते मीही वाचलं होतं. पण परीक्षेत आकडेच लिहायचे असतात.

साडेतीनला क्वालिटीचा पोरगा कोल्ड रूममधून आला. “सर, जरा आत येता का?”

त्यानं एका पॅलेटमधल्या पाच पेट्या उघडून ठेवल्या होत्या. मी वरवर पाहिलं, माल चांगला वाटला. मग त्यानं एक पनेट ट्यूबलाइटखाली तिरकं धरलं. द्राक्षाच्या मण्यावर पांढुरका, मेणासारखा थर असतो, आम्ही त्याला ब्लूम म्हणतो. बोट लागलं की तो पुसला जातो आणि परत येत नाही. त्या घडावर बोटांचे ठसे होते. चार एका बाजूला, अंगठ्याचा दुसऱ्या बाजूला. पोलिसांनी घ्यावेत इतके स्वच्छ.

घड देठाला धरायचा असतो. डाव्या हातात देठ, उजव्या हातात बारीक टोकाची कात्री, घड हळू फिरवायचा आणि आतला तडकलेला मणी शोधून काढायचा. ह्यांनी घड पोटाला धरून सरळ पनेटमध्ये बसवला होता. मी एक घड उकलला. आत तडकलेला मणी, त्याचा रस शेजारच्या तिघांना लागलेला. न्हावा शेवाहून जहाज निघालं की माल कित्येक आठवडे वाटेत असतो. तेवढ्यात त्या एका मण्याचं काय होतं आणि अख्ख्या पनेटचं काय होतं, हे या धंद्यात सगळ्यांनी एकदा तरी भोगलंय.

टेबलाशी गेलो. एरवी एका टेबलावर आठ जणी. दोघी-तिघी थोराड बाया फक्त कात्री चालवायच्या, बाकीच्या पनेट भरायच्या आणि वजन करायच्या. ही वाटणी कुणी शिकवली नव्हती, त्यांची त्यांनीच बसवलेली. मी पेट्या ज्याच्या त्याच्या नावावर मोजायला लागलो आणि कात्रीवालीच्या नावावर शून्य पेट्या. दुसऱ्या दिवसापासून तीही भरायला लागली. मी ते पाहिलं होतं आणि वेग वाढला म्हणून खूश झालो होतो.

“मावशी, कात्री कुठंय तुमची?”

तिनं मान वर न करता पनेट बंद केलं. “तुमी पेट्या मोजल्या सायेब, आमी पेट्या दिल्या.”

“पण हे दिसत होतं ना तुम्हाला? सांगायचं तरी.”

“सांगत बसले तर पेटी कोन भरल?”

मालकांना फोन केला. ते म्हणाले, “ऐकत नसतील तर बदल. सुरगाण्याहून अजून दोन पिकअप येतील.” त्यांना अर्थशास्त्रज्ञ आर्थर लुईस माहीत असण्याचं कारण नाही, पण वाक्य त्याचंच होतं. त्याचा 1954 चा निबंध: शेतीत श्रम इतके जास्त आहेत की जगण्यापुरत्या मजुरीहून थोडं अधिक दिलं की कारखान्याला हवे तेवढे हात मिळतात, आणि त्या नफ्यातून विकास होतो. पुढे 1979 साली त्याला नोबेल मिळालं. कुशल माणसांची टंचाई त्यानंही मान्य केली आहे, पण ती तात्पुरती, शिकवून भरून निघणारी म्हणून. देशाच्या हिशेबात असेल तात्पुरती. माझा कंटेनर गुरुवारी भरायचा होता, आणि न पुसता घड फिरवणारा हात पिकअपमधून उतरत नाही.

फोन ठेवला आणि मला आठवलं ते अहमदाबाद. 1953 साली कॅलिको मिलमध्ये लंडनच्या टॅव्हिस्टॉक इन्स्टिट्यूटचे संशोधक राइस आले होते. मिलनं आधीच नवे ऑटोमॅटिक माग बसवले होते, प्रत्येकाला एकेक काम वाटून दिलं होतं, तरी उत्पादन वाढेना. मग कामगारांच्या लहान टोळ्या केल्या आणि ठरावीक माग एका टोळीच्या हवाली केले. उत्पादन वाढलं आणि कापडातलं नुकसानही घटलं. आमच्या अभ्यासक्रमात अमेरिकेतल्या ठोकळ्यांना आख्खं प्रकरण होतं, अहमदाबादला एक परिच्छेद.

सहा वाजता पेटीमागचा दर बंद केला. बुधवारपासून दर अख्ख्या टेबलाला, आणि क्वालिटीत परत आलेली पेटी त्यातून वजा. वजा करायच्या गोष्टीवरून अर्धा तास भांडण झालं. कच्चा मालच तडकलेला आला तर आमचे पैसे का कापायचे, हा त्यांचा मुद्दा बरोबर होता. शेवटी ठरलं की येणारं कॅरेट आधी मावशी बघणार आणि खराब असेल तर टेबलावर घेणारच नाही.

उरली ती दिवसभराची पॅलेटं. जेवून सगळ्या परत बसल्या, मीही बसलो. मावशीनं कात्री दिली. माझे पहिले तीन घड तिनं काही न बोलता बाजूच्या टोपलीत टाकले. चौथा उजेडाकडे धरून फिरवला आणि तोही टाकला. “सायेब, तुमी पेट्या उचला.” मग साडेबारापर्यंत पेट्या उचलल्या.

शनिवारी हिशेबनीस वही घेऊन आला. मंगळवार रात्रीच्या रकान्यात पेट्या किती लिहायच्या? एकही नवी पेटी निघाली नव्हती, आणि त्याच पेट्यांचे पैसे दुपारी लागले होते. मी म्हटलं, रात्रीचा अर्धा रोज लिही.

“माझ्या फॉर्मात आता रोजाचा रकानाच नाही,” तो म्हणाला. “तुम्हीच काढायला लावला.”

त्यानं पट्टी घेतली आणि पेन्सिलीनं समासात एक आखून दिला.