कोरिया ऐकताना

इंदूरच्या मराठी घरांमध्ये कोरियन मालिका आता आवडीने पाहिल्या जातात, परंतु त्यांतली तरुण पात्रे सदैव घराच्या विवंचनेत का असतात, हे मला कोरियन समाजावरील स्वतंत्र पॉडकास्ट ऐकू लागल्यावरच उमगले. तेथील ‘जॉन्से’ पद्धतीत भाडेकरू दरमहा भाडे देत नाही. घराच्या किमतीच्या निम्म्याहून अधिक रक्कम तो मालकाकडे अनामत ठेवतो आणि साधारणतः दोन वर्षांनी करार संपला की परत घेतो. मुंबईतल्या हेवी डिपॉझिटसारखाच हा व्यवहार, पण फार मोठ्या प्रमाणावरचा. मालक ती रक्कम पुढच्या घरात गुंतवतो, किमती घसरल्या की परतफेड अडते, आणि अशा फसवणुकींत इतके लोक भरडले गेले की २०२३ मध्ये पीडितांसाठी विशेष कायदा करावा लागला. बातमीपत्राच्या दोन मिनिटांत हे मावत नाही. त्यासाठी तासभर शांतपणे बोलणारा माणूस लागतो.

राजकारणाच्या बाबतीत मात्र ‘स्वतंत्र’ कोणापासून, हे विचारावेच लागते. एप्रिल २०११ मध्ये किम ओ-जुन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘नानुन कोमसुदा’ हा राजकीय पॉडकास्ट सुरू केला, तेव्हा सरकारी दबावाला कंटाळलेल्या श्रोत्यांनी तो डोक्यावर घेतला. पुढच्याच वर्षी एमबीसी वाहिनीचे पत्रकार १७० दिवस संपावर होते, यावरून त्या काळाची कल्पना यावी. पॉडकास्टमधील एक सहकारी, माजी खासदार चुंग बोंग-जू, तत्कालीन राष्ट्राध्यक्षांवर पूर्वी केलेल्या आरोपांबद्दल डिसेंबर २०११ मध्ये तुरुंगात गेले. कोरियात तर खरे विधानसुद्धा, ते सार्वजनिक हिताचे ठरले नाही तर, फौजदारी बदनामी ठरू शकते. हे धाडस मला मनापासून मोलाचे वाटते. तरीही सरकारवर तुटून पडणारे हे लोक विरोधी पक्षाची बाजू तितक्याच उत्साहाने मांडत, म्हणून निव्वळ माहितीसाठी मी त्यांच्याकडे जाणार नाही. त्यापेक्षा निलंबित आणि बडतर्फ पत्रकारांनी २०१२ मध्ये उभारलेली, देणग्यांवर चालणारी ‘न्यूजताफा’ ही वृत्तसंस्था मला अधिक विश्वासार्ह वाटते.

३ डिसेंबर २०२४ च्या रात्री तत्कालीन राष्ट्राध्यक्ष युन सक-योल यांनी लष्करी कायदा पुकारला, तेव्हा पहिल्याच फर्मानात सर्व प्रसारमाध्यमे लष्करी नियंत्रणाखाली घेतली गेली, आणि किम ओ-जुन यांच्या जनमत चाचणी संस्थेकडेही सैनिक पाठवण्यात आले. किम यांची मते मला पटोत वा न पटोत, त्यांचा मायक्रोफोन चालू राहिला पाहिजे, याविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नाही.