आधी स्तोत्र, मग नावे : इतरांसाठी रोजची प्रार्थना

इतरांसाठी प्रार्थना करताना शब्द लवकर संपतात. ‘बरे कर, सांभाळ’ एवढ्यावरच येऊन थांबायला होते. म्हणून मी आधी बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतले एक स्तोत्र वाचतो आणि मग नावे घेतो. क्रम उलटला की मनात ठरलेल्या मागणीला जुळेल तेवढेच वचन (स्तोत्रातला क्रमांक दिलेला चरण) आपण उचलतो आणि बाकीचे स्तोत्र न ऐकताच राहते.

स्तोत्र तारखेवरून ठरते. १५ तारखेला १५, ४५, ७५, १०५ आणि १३५ ही पाच चाळायची, त्यांतले एक घ्यायचे. अशी ३० दिवसांत १५० स्तोत्रे नजरेखालून जातात. २९ तारखेला ११९ वे येते. त्याची १७६ वचने आहेत, म्हणून ते ३१ तारखेला ठेवतो आणि आठ वचनांचा एकच भाग घेतो. नावे रोज तीन-चार, बाकीची आठवड्यात वाटलेली. यादी लांबली की प्रार्थनेची हजेरी होते.

स्तोत्र दोनदा वाचतो, दुसऱ्यांदा मोठ्याने. मग एकेका नावासाठी एकच वचन धरून थांबतो. १३ वे स्तोत्र सहाच वचनांचे आहे, पण शिकवते फार. पहिल्या दोन वचनांत ‘कोठवर?’ असा आक्रोश, पुढच्या दोनांत मागणी, शेवटी भरवसा आणि गाणे. दुसऱ्याच्या दुःखासाठी प्रार्थना करताना आपण थेट पाचव्या वचनावर उडी मारतो, कारण आक्रोशात थांबणे जड जाते. ज्याचे दुःख ताजे आहे त्याच्यासाठी मी पहिल्या दोन वचनांतच राहतो. ८८ वे तर अंधारातच संपते. त्याला आपल्या पदरचा गोड शेवट जोडू नये.

स्तोत्रातल्या ‘मी’च्या जागी त्या माणसाचे नाव घालणे सगळीकडे चालत नाही. २३ व्यात सहज जमते. ५१ व्यात मात्र दुसऱ्याचे नाव घातले की पश्चात्ताप राहत नाही, आरोप होतो. ते स्वतःसाठीच म्हणावे. २० वे मुळातच दुसऱ्यासाठी आहे, तिथे काहीच बदलावे लागत नाही. आजाऱ्यासाठी ४१ व्याचे तिसरे वचन, वृद्धांसाठी ७१ वे, राज्यकर्त्यांसाठी ७२ वे.

१०९ व्यातले शाप कोणाच्याही नावावर मी म्हणत नाही. अन्याय सोसणाऱ्यांची हाक म्हणून ते वाचतो. ज्यांच्याशी आपले बिनसले आहे त्यांच्यासाठी ३५ व्याचे तेरावे वचन घ्यावे: तिथे स्तोत्रकर्ता वैऱ्यांच्या आजारपणात उपास करतो.