पायजीएमटीवर खानदेश: शिरपूरची वेलांटी अखेर जागेवर

मंडळी, बसली एकदाची! मागच्या नोंदीत खानदेशच्या नकाशावर मॅटप्लॉटलिबने (पायथनमधलं आलेख काढायचं साधन) शिरपूरचं 'शरिपूर' केलं होतं आणि 'अक्‌कलकुवा' पाय मोडून पडला होता, ते आठवत असेल. त्याच वैतागाने कार्टोपी (मॅटप्लॉटलिबवर चालणारं नकाशांचं साधन) बाजूला ठेवली आणि पायजीएमटीची, म्हणजे जीएमटी या नकाशे काढणाऱ्या प्रणालीच्या पायथनमधल्या रूपाची, नवी आवृत्ती आल्याबरोबर चढवली. (पिप या पायथनच्या नेहमीच्या इन्स्टॉलरच्या नादी लागू नका. पिपने नुसतं पायथनचं वेष्टन येतं, आतलं सी भाषेतलं जीएमटी येत नाही. कोंडा-फोर्ज या पॅकेजांच्या भांडारातून घ्या, सगळं एका दमात बसतं.)

उंचसखलपणाचं काम तासाभरात उरकलं. १ आर्कसेकंदाची जाळी, म्हणजे साधारण ३० मीटरला एक उंची, तोरणमाळपासून अजिंठ्याच्या डोंगरापर्यंत. रंगपट्टी जगाच्या मापाची ठेवली तर तापीकाठ आणि सातपुडा एकाच हिरव्यात बुडतात, म्हणून ५० ते १३५० मीटर अशी आवळली. अस्तंभ्याचं टोक लगेच उठून आलं.

आता नावं. इथेच गाडी रुतली.

जीएमटीची छपाई पोस्टस्क्रिप्ट या छपाईच्या जुन्या भाषेतली. तिथे एका वेळी एक बाइट, एक अक्षर. पायजीएमटीत युनिकोड लिहिता येतं खरं, पण आतून ते आयएसओ-८८५९ या अक्षरसंचांच्या मालिकेतल्या कुठल्यातरी तक्त्यात बसावं लागतं. नव्या आवृत्तीच्या माहितीत ते तक्ते दिलेत: १ ते ११, मग थेट १३ ते १६. हा १२ कुठे गेला म्हणून शोधलं, तर तोच देवनागरीसाठी धरला होता आणि १९९७ मध्ये त्याचं काम सोडून दिलं! आपल्याच वाट्याचं पान गाळलेलं. हसावं की रडावं?

मग चिनी मंडळींची युक्ती करून पाहिली. ते गोस्टस्क्रिप्टला (पोस्टस्क्रिप्टचं चित्र किंवा पीडीएफ करून देणारा प्रोग्राम) सीआयडी, म्हणजे हजारो अक्षरं मावणारे, फॉन्ट जोडतात आणि नकाशावर झकास चिनी अक्षरं उमटवतात. पण चिनी अक्षर सुटं असतं, शेजाऱ्याला धरत नाही. आपली वेलांटी मागून येऊन पुढे उभी राहते, क ला क जुळतो, र् डोक्यावर चढतो. ही जुळवाजुळव करणारं कुणी गोस्टस्क्रिप्टमध्ये नाहीच. म्हणजे पुन्हा शरिपूर.

तोडगा सापडला तो गावातल्या डीटीपीवाल्या अण्णांकडे. लग्नपत्रिका, दशक्रियेची कार्डं, सगळं अजून कृतिदेव या युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये. माझा नकाशा बघून म्हणाले, "हाई काय लिखेल शे?" आणि स्वतः 'शिरपूर' टाइप करून दाखवलं: एफ, एकेरी अवतरणचिन्ह, के, जे, आय, डब्ल्यू, जे. वेलांटी आधी, अर्धा श मग, त्याला काना, मग र. अहो, जुळवाजुळव बोटांनीच झालेली आहे! फॉन्टला फक्त एकेक खूण ओळीने छापायची, आणि जीएमटीला नेमकं तेवढंच येतं. ज्या जुन्या फॉन्टांना आपण युनिकोडवाले नावं ठेवतो, तेच इथे चपखल.

जोडणी अशी: गोस्टस्क्रिप्टच्या फॉन्टमॅप या यादीत फॉन्टच्या फाइलचा पत्ता, जीएमटीच्या पीएसएल-कस्टम-फॉन्ट्सच्या यादीत तेच नाव. नावात मोकळी जागा चालत नाही. आणि 'अ‍ॅट'चं चिन्ह जीएमटीसाठी राखीव आहे, एकट्याने आलं की पुढचं अक्षर ग्रीक किंवा घातांक व्हायला निघतं. ते दोनदा लिहा. गावांच्या नावात ते लागत नाही, पण तालुका/जिल्हा असं लिहिताना कृतिदेवची तिरपी रेघ त्याच कळीवर बसलेली आहे.

अडचण एकच राहिली, माझ्याकडच्या कृतिदेवचा ल हिंदी वळणाचा. जळगाव, अमळनेर, भुसावळ, चाळीसगाव, पारोळा, धुळे सगळे ळ वर सुटले. पण एरंडोल आणि यावल डोळ्यांत खुपतात. मराठी वळणाचा ल असलेला, कृतिदेवसारखाच आठ-बिटी (एका बाइटला एक खूण) फॉन्ट कुणाकडे असेल तर सांगा.

सगळी नावं अण्णांना टाइप करायला लावणं बरं दिसत नाही, म्हणून युनिकोडमधून कृतिदेव करणारं छोटं फंक्शन लिहितोय. वेलांटी उचलून पुढे ठेवणं सोपं. रफार मात्र छळतो: नर्मदेत तो म नंतर येतो, पूर्णेत ण आणि काना दोन्ही झाल्यावर.

हे लिहिता लिहिता दुसऱ्या खिडकीत सावलीशी खेळत होतो. शेडिंगला (सावली टाकायच्या पर्यायाला) नुसतं 'ट्रू' दिलं की उजेड उणे ४५ अंशांवरून, वायव्येकडून पडतो. तो उणे १५ केला आणि धुळे-साक्री-नंदुरबार पट्ट्यातले डाईक एकदम वर आले! डाईक म्हणजे जमिनीच्या भेगांत थिजलेल्या बसाल्टच्या, साधारण पूर्व-पश्चिम धावणाऱ्या रांगा, शेतांतून घातलेल्या बांधांसारख्या, एकीला समांतर दुसरी. उजेड त्यांच्या लांबीला आडवा पडला की दिसतात, नाहीतर सपाटीत विरतात.

तेव्हा बेत बदलला. तीन जिल्ह्यांचा एक नकाशा करायचा होता, तो थांबवतो. आधी फक्त या डाईकांचा स्वतंत्र नकाशा, मोठ्या मापाचा, नावं कृतिदेवमध्ये. छपाईला देताना पीडीएफमधली अक्षरं गोस्टस्क्रिप्टकडूनच रेषांमध्ये बदलून घेणार आहे, कारण मागच्या खेपेला फ्लेक्सवाल्याकडे फॉन्ट बदलून भलतंच छापून आलं होतं. 'नो-आउटपुट-फॉन्ट्स' हा त्याचा पर्याय पायजीएमटीच्या सेव्हफिग या नकाशा जतन करायच्या आज्ञेतून पुढे पाठवता येतो.

फंक्शन रफारापर्यंत पोचलं की इथे टाकतो. तोवर साक्रीकडच्या कुणी एखाद्या डाईकवर उभं राहून जीपीएसची नोंद घेतली तर फार उपकार होतील. जाळीतली रांग आणि जागेवरची रांग किती सरकते, ते तपासायचंय.