वीर धरणावरून पुरंदरमागची वीज

मंडळी, पुरंदर आणि वज्रगड यांच्या मागे जमिनीवर उतरणारी वीज अखेर एका फ्रेममध्ये आली. मेच्या या शेवटच्या शनिवारची नोंद सविस्तर ठेवतोय, कारण मोसमी पाऊस स्थिरावेपर्यंतच वळवाच्या अशा विजा मिळतात. पुढे पाऊस भरपूर, पण आभाळ सपाट राखाडी.

सकाळीच हवा चिकट होती. समुद्राकडची दमट हवा घाट चढून देशावरच्या तापलेल्या कोरड्या हवेला भिडली की दुपारी ढग उभे राहतात. तीनच्या सुमारास फलटणच्या बाजूला कोबीच्या गड्ड्यासारखे फुगलेले ढग दिसले आणि तासाभरात त्यांचा माथा ऐरणीसारखा पसरला. सासवड, जेजुरी, नीरा करत आम्ही वीर धरण गाठलं. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं, विजा कुठे पडताहेत ते दाखवणारं ‘दामिनी’ अ‍ॅप सतत उघडं होतं. विजांचे ठिपके वायव्येला, म्हणजे आमच्याकडेच सरकत होते.

काठावर मेंढरं आवरणाऱ्या एका धनगरबाबांनी आधीच बजावलं, “पावनं, गाडीत बसा. वारं फिरलंय, ह्यो आत्ता डोक्यावर येतोय.” पाचच मिनिटांत फुफाटा उठला. वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंतचे सेकंद मोजून तीनाने भागले की किलोमीटर मिळतात. माझी मोजणी तीस सेकंदांच्या आत आली तसा ट्रायपॉड आवरला आणि काचा लावून बसलो. वादळ डोक्यावर असताना मी फोटो काढत नाही. जिवाचा धोका तर असतोच, शिवाय पावसाच्या पडद्यामागे वीज म्हणजे नुसता पांढरा धुरळा दिसतो.

माझ्या मते खरी संधी वादळाच्या पाठीमागे असते. पुढून येताना ते धूळ उडवत येतं, जाताना हवा धुऊन जातं. त्या संध्याकाळी वीसएक किलोमीटरवरचा पुरंदर इतका स्वच्छ दिसत होता, की बालेकिल्ल्याची कड बोटाने गिरवावी. मात्र ढगाच्या ऐरणीसारख्या माथ्याच्या मागच्या टोकातूनही वीज बरीच लांब पडू शकते, त्यामुळे शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास गाडीतून उतरायचं नाही, हा नियम आम्ही कडक पाळतो.

सूर्य मावळल्यावर १३५ मिमी लेन्स लावली. विजेचा लखलखाट सेकंदाच्या अंशात संपतो, त्यामुळे तिची रेघ किती उजळ यावी हे अ‍ॅपर्चर (लेन्सचं भोक) आणि आयएसओवर (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) ठरतं. शटर किती वेळ उघडं ठेवायचं, त्याने फक्त भोवतालचा उजेड सांभाळायचा. जवळच्या विजेला मी एफ ११ (एफचा आकडा मोठा, तितकं भोक लहान) आणि आयएसओ १०० ठेवतो. इथे वादळ किल्ल्याच्याही पलीकडे गेलेलं, म्हणून एफ ५.६ आणि आयएसओ ४००. संधिप्रकाशात शटर दोन सेकंदांचं, अंधारल्यावर पंधरा. फोकस किल्ल्याच्या कडेवर मॅन्युअल करून रिंगला चिकटपट्टी मारली. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन (लांब वेळाच्या फोटोतले नकोसे ठिपके पुसणारी सोय) बंद ठेवलं, नाहीतर प्रत्येक फोटोनंतर कॅमेरा तेवढाच वेळ अडून बसतो. रिमोटचं बटण लॉक केलं की फ्रेमवर फ्रेम पडत राहते.

हवी ती वीज वज्रगडाच्या डावीकडे पडली. डोळ्यांना ती थरथरताना दिसली, कारण एकाच वाटेने तीन-चार झटके पाठोपाठ जातात. फोटोत ते सगळे एका जाड रेघेत मिसळलेत. बाजूच्या बारीक फांद्या मात्र अर्ध्यातच थांबल्या आहेत. पहिला प्रवाह खाली उतरताना वाट शोधत जिथे जिथे फुटला, त्या या जागा. मोठं करून पाहिलं की एक फांदी थेट गडाच्या माथ्याकडे वळलेली दिसते.

अनेक फ्रेम एकावर एक रचून विजांचं जंगल करता आलं असतं, पण या फोटोत मला एकच वीज हवी आहे. परतीच्या पावसात मांढरदेवीच्या डोंगरावरून वाईच्या खोऱ्यावर कॅमेरा लावायचा विचार आहे. तिथे गाडी लावायला आडोशाची जागा आणि पूर्वेकडचं मोकळं क्षितिज दोन्ही मिळेल असा टप्पा कुणाला माहीत असेल तर जरूर कळवा.